देवनागरीतली जर्मन वही

एडिसन, ३ फेब्रुवारी २००४

दादा,

वर ‘तीर्थस्वरूप’ लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. चार वर्षं तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही आणि आता गरज पडल्यावर एकदम तीर्थस्वरूप, हे माझं मलाच बरं दिसेना. तू माझा फोन उचलत नाहीस, ई-मेलच्या वाटेला जात नाहीस, म्हणून कुरिअर करतेय. पाकीट परत पाठवू नकोस. माझं म्हणून नको, सावनीचं म्हणून तरी उघड.

सावनीला शाळेने घरी बसवलंय. सव्वीस तारखेला सुनावणी आहे. तिला परत घ्यायचं की कायमचं काढायचं ते त्या दिवशी ठरेल, आणि काढलं तर प्रकरण पोलिसांकडे जाईल. माझी लेक सोळा वर्षांची आहे, दादा. तिने आजवर कुणाला चापटसुद्धा मारलेली नाही. तिची एक वही शाळेच्या हाती लागली, एवढंच.

सोबत त्या वहीच्या झेरॉक्स आहेत. अक्षरं आपलीच आहेत, पुण्यात चौथीपर्यंत गिरवलेली. भाषा मात्र जर्मन. हो, तुझी जर्मन. आम्ही इकडे निघालो तेव्हा तू तिला तुझं पहिल्या वर्षाचं निळं पुस्तक दिलं होतंस. मला वाटत होतं ते कुठल्यातरी खोक्यात पडलंय. कार्टी त्यावरून शिकली आणि उरलेलं इंटरनेटवरून. आपल्या लिपीत लिहिलं की शाळेत कुणाला वाचता येत नाही आणि जर्मनमध्ये लिहिलं की घरात कुणाला कळत नाही. दोन्हीकडून कुलूप.

पण वहीत चित्रं आहेत. तलवारी, फाशीचा खांब, कवटीचा मुखवटा घातलेला वाजंत्री. मधल्या चार पानांवर नावांची यादी. काही नावांवर लाल पेनाने काट मारलेली, काहींच्या पुढे ‘टोट’. तू घरभर फिरत शब्द घोकायचास ना, त्यातला हा एक माझ्या डोक्यात राहिलाय. टोट म्हणजे मेलेला.

पाच वर्षांपूर्वी कोलोरॅडोच्या शाळेत दोन पोरांनी गोळीबार केला ते तू वाचलं असशील. तेव्हापासून इथे काळे कपडे, जर्मन गाणी आणि नावांची यादी एकत्र दिसली की शाळा हादरते. मीही हादरले. सावनी दोन वर्षं काळ्याशिवाय काही घालत नाही.

शाळेच्या कौन्सेलर मिसेस डोर्सी यांनी मला बोलावलं. शेजारी शाळेचा पोलीस, कमरेला पिस्तूल. त्याने वही उलटी धरली होती. म्हणाला, “इज धिस अरेबिक?” मी घाईघाईने म्हटलं, नो नो, मराठी, माय लँग्वेज. “गुड. देन रीड इट टू अस.” मी वाचलं. अडखळले नाही, कारण अक्षर न् अक्षर लागत होतं. मग तो म्हणाला, “नाऊ टेल अस व्हॉट इट सेज.” मी सांगितलं, ते मला माहीत नाही. “मॅम, यू जस्ट रेड इट.” तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी विसरू शकत नाही. आई लेकीला पाठीशी घालतेय, असंच त्याला वाटलं.

मनोहर तर पार खचलाय. म्हणतो, “निलू, ग्रीन कार्डची फाइल शेवटच्या स्टेजला आहे. पोलीस रेकॉर्ड झालं तर तिघांनाही गाशा गुंडाळावा लागेल.” सकाळची गाडी पकडून न्यूयॉर्कला जातो आणि दिवसातून चार वेळा फोन करून विचारतो, कुणी आलं होतं का.

सावनी कुणालाच काही सांगत नाही, आणि मी वाचून दाखवते म्हटलं तर आईचं वाचन शाळेला चालत नाही. शाळेच्या जर्मन अनुवादकाला देवनागरी येत नाही. ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात देवनागरी वाचणारे पैशाला पासरी, पण त्यांना जर्मन येत नाही. दोन्ही येणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. तुझ्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह अनुवाद पाठव. मनोहरच्या ऑफिसचा फॅक्स नंबर खाली देतेय. मला एक शब्द लिहू नकोस हवं तर.

निलू


१५ फेब्रुवारी २००४

दादा,

फॅक्स मिळाला. एकवीस पानं. तुझ्या अक्षराची वेलांटी मी लगेच ओळखली. मला एक शब्द लिहू नकोस म्हटलं होतं, तर खरंच एकच ओळ लिहिलीस: ‘व्याकरण कच्चं, कान पक्का.’ तीही सावनीबद्दल.

ती यादी माणसांची नाहीच! आशेनक्रोन, डोर्नफोग्ट, क्रुमहोल्त्स हे सगळे वाद्यवृंद, बँड. ‘टोट’ म्हणजे बँड मोडला. लाल काट म्हणजे सावनीच्या नियमात बसला नाही. आणि ज्या गाण्याखाली तिने तुटलेला पाय काढलाय ते घोड्याच्या पायासाठी म्हटलेलं गाऱ्हाणं आहे. मी त्या पोलिसासमोर लंगडा घोडा बरा व्हावा म्हणून प्रार्थना म्हणत होते! साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. मी हसले आणि हसता हसता रडायलाच लागले.

सावनी महिनाभर जेवायच्या टेबलावर मान वर करत नव्हती. काल विचारलं, “हे कसलं म्युझिक आहे गं?”

“यू वोन्ट गेट इट, आई.”

“एकनाथमामाने ट्रान्सलेट केलंय.”

मान वर झाली. “मामा रेड इट? ऑल ऑफ इट?” मग म्हणाली, “माय आर्टिकल्स मस्ट बी सो राँग.” पोरीला शाळेतून काढताहेत आणि हिला काळजी जर्मन नामांच्या लिंगांची, डेर-डी-डासची.

मग सांगितलं तिने, पहिल्यांदाच. जर्मनीत काही बँड आहेत, ते जड इलेक्ट्रिक गिटारबरोबर मध्ययुगातली वाद्यं वाजवतात, म्हणजे मशकबाजा, इंग्रजीत बॅगपाइप, दांडा फिरवून वाजवायची एक पेटी, आपल्या सनईची कुणी चुलत बहीण. जर्मन लोक त्याला मिटलआल्टर मेटल म्हणतात. इंटरनेटवर कुणीही लिहू शकेल असा एक कोश आहे, त्यात सावनी आणि लाइपझिगची कुणी मुलगी आणि आणखी पाचसहा जण मिळून त्याचं पान लिहीत होते. बाकीच्यांचं म्हणणं, असा प्रकारच नाही, हे नुसतं लोकसंगीत मोठ्या आवाजात वाजवणं आहे, पान काढून टाका. म्हणून आधी व्याख्या हवी. कोण आत, कोण बाहेर. सावनी म्हणते, जुनं वाद्य नुसतं सुरुवातीला फुंकून चालणार नाही, चाल त्यानेच पेलली पाहिजे. गिटार काढून घेतली तर गाणं लंगडं व्हायला हवं आणि मशकबाजा काढून घेतला तरीही. शब्द जुने हवेत किंवा जुन्या धाटणीचे. ज्यांच्या कव्हरवर नुसता किल्ला, त्यांच्यावर काट.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. अशी बोलत होती जशी तू वर्गाला शिकवताना बोलायचास, एक हात हवेत ठेवून.

तुझ्याही मनात आलं असेल, वही शाळेच्या हातात पडली कशी. जिमच्या तासाला बॅगेतून पडली, कुणीतरी उचलून ऑफिसात दिली. सावनीला वाटतं इशिताने दिली. इशिता ही इथली तिची एकुलती एक मैत्रीण, पद्मिनीची मुलगी. वहीबद्दल तिला एकटीलाच माहीत होतं म्हणे. असेल. मुलींचं काय सांगावं.

निलू


२३ फेब्रुवारी २००४

दादा,

तुझा दुसरा फॅक्स मनोहरच्या हाती पडला नाही, देवाची कृपा. त्याच्या ऑफिसातल्या राजीवने घडी घालून घरी आणून दिला.

तू लिहिलंयस, ‘सगळ्या झेरॉक्सची खालची पट्टी कात्रीने कापलेली आहे. चौदाव्या पानाची राहिली. तिथे शिक्का आहे: पालकांकडून प्राप्त. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासतोय, निलू.’

हो. मीच दिली.

धुवायचे कपडे काढताना तिच्या गादीखाली सापडली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पद्मिनीकडे सगळ्या तेच बोलत होत्या, मुलांवर लक्ष ठेवा, इथे कळतसुद्धा नाही. मी ते टोट वाचलं आणि वही हातात घेऊन तिथेच गादीवर बसले. विचारायला हवं होतं तिला. पण मला तिचीच भीती वाटली, दादा. पोटच्या पोरीची. ती “येस” म्हणाली असती तर?

मग मी आपल्याकडे करतात तेच केलं. आठवतं, मावशीच्या श्रीरंगच्या दप्तरात विडीचं बंडल सापडलं तेव्हा मावशी गुपचूप जाऊन वर्गाच्या बाईंना सांगून आली होती. बाईंनी त्याला कोपऱ्यात घेऊन समज दिली, विडी सुटली, आणि मावशीचं नाव त्याला आजतागायत कळलं नाही. मला वाटलं मिसेस डोर्सी म्हणजे बाई. बोलतातही गोड. मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, तुम्ही जरा समजावून सांगा तिला. वर हुशारी दाखवून टोटचा अर्थही सांगितला. त्यांनी माझा हात दाबला, “यू डिड द राइट थिंग” म्हणाल्या, आणि फोन उचलून पोलिसाला बोलावलं. इथे बाई नसते, दादा. इथे फॉर्म असतो. एकदा भरला की तो परत मागता येत नाही. मी मागितला होता.

सावनी आता जेवत नाही धड. बाथरूमचं दार लावलं की मी बाहेर उभी राहते आणि नळाचा आवाज ऐकत राहते. नळ बंद झाला आणि ती लगेच बाहेर आली नाही की मी दाराजवळ सरकते. दाराला कान लावून श्वास ऐकते. परवा तिने एकदम दार उघडलं आणि मी तिथेच होते. बाजूने निघून गेली.

पद्मिनीचा फोन आला होता. इशिता शाळेतून रोज रडत येते. मुलांनी तिच्या लॉकरवर ‘स्निच’ लिहून ठेवलंय, म्हणजे चहाडखोर. पद्मिनी म्हणाली, “निलू, तू तरी सावनीशी बोल ना. इशिता शपथेवर सांगते तिने नाही दिली.” मी म्हटलं, बघते. आणि फोन ठेवला.

तू लिहिलंयस, सुनावणीच्या आत सांग, तिथे फाइल उघडणार आहे. पण आत्ता सांगितलं तर ती सुनावणीला तोंड तरी उघडेल का? तिने बोलायलाच हवं. एकदा सुटू दे तिला. मग सांगते. नक्की सांगते. तुझा विश्वास नसेल तर नसू दे, माझाही फारसा नाही.

निलू


२७ फेब्रुवारी २००४

दादा,

सावनी सुटली. सोमवारपासून शाळा.

टेबलाच्या पलीकडे पाच जण होते. तुझा अनुवाद प्रत्येकापुढे, शिक्क्यासह. पोलिसाने विचारलं, नावं खोडली कशाला? सावनी म्हणाली, “बिकॉज अ कॅसल ऑन द कव्हर इज नॉट इनफ.” एक म्हातारे गृहस्थ हसले. तिथून हवा बदलली. मग तिने तिची व्याख्या इंग्रजीत वाचून दाखवली. घोड्याचं गाणं सीडीवर वाजवलं. पहिला मशकबाजा सुरू झाला तेव्हा मी दचकले, पण दादा, चाल चांगली आहे. आपल्याकडे लग्नात सनई-चौघडा मांडवाबाहेर वाजतो तशी अंगावर येते.

मिसेस डोर्सींनी विचारलं, “बट स्वीटी, व्हाय डज इट नीड अ नेम?”

सावनी म्हणाली, “बिकॉज इफ वुई डोन्ट नेम इट, समबडी हू नेव्हर लिसन्ड विल.”

मी मान खाली घातली. मी तिची आई, आणि न ऐकता तिला नाव मीच दिलं होतं.

शेवटी वही परत दिली, पाकिटात घालून. फॉर्म तिला स्टेपल केलेला. माझा धीर झाला नव्हता, दादा. सकाळी पोळी लाटताना म्हटलं आता सांगते, जिन्यावर म्हटलं, पार्किंगमध्ये म्हटलं. गाडीत तिने मागच्या सीटवर पाकीट उघडलं. मी समोरच्या आरशात बघत होते. वाचलं तिने. नाव, नातं, तारीख. मनोहर आपला गाडी चालवता चालवता सांगत होता की आज बाहेरून जेवण आणू या.

सहा वर्षांत सावनीने मला एकाही मराठी वाक्याने उत्तर दिलं नव्हतं. काल दिलं. म्हणाली, “मला वाटलं इशितानं केलं.”

बस. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग बाबांना म्हणाली, इशिताच्या घरी थांबव. बर्फातून चालत दारापर्यंत गेली, बेल वाजवली. पद्मिनीने दार उघडलं. सावनी तिच्याशी काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण पद्मिनीने तिच्या डोक्यावरून गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे. मी काच खाली केली नाही.

आता तुझं पत्र. जानेवारी दोन हजारचं, निळं आंतरदेशीय नव्हे, ते पातळ हवाई पाकीट. माझ्या साड्यांच्या कप्प्यात आहे. आण्णा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत तुला जर्मनीहून आलेली रेनाटेची अकरा पत्रं सापडली, एकही न उघडलेलं. तू एवढंच विचारलं होतंस, ही आण्णांना कोण नेऊन देत होतं?

मी.

तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पोस्टमन दुपारी यायचा, तू वर्गावर असायचास. पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, दादा आता जर्मनीला जाणार आणि मी या घरात आण्णांच्या तोंडाला एकटी उरणार. त्या भीतीपायी मी ते आण्णांच्या हातात दिलं. मला वाटलं ते तुला समज देतील. त्यांनी ते ट्रंकेत टाकलं आणि म्हणाले, पुढचंही मलाच दे. मी दिलं. अकरा वेळा. तू रोज विचारायचास, काही टपाल? मी चहाचा कप तुझ्यापुढे ठेवून नाही म्हणायचे. बारावं पत्र आलंच नाही तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेही आज लिहिते, लपवून उरलंय काय.

भीती वाटली की मी दुसऱ्याची वस्तू उचलून मोठ्या माणसाच्या हाती देते आणि वर म्हणते, मी काय केलं. सवयच ती. क्षमा कर असं लिहिणार नाही. तू केली नाहीस तर मला काही म्हणायचा हक्क नाही, आणि केलीस तर त्याहून जास्त भीती वाटेल.

निलू


९ मे २००४

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली नाही असं नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. तू म्हणालास, “सावनी आहे का?” चार वर्षांनी तुझा आवाज, आणि मी नुसतं “आहे” म्हणून फोन तिच्या हातात दिला. त्यानंतर एक रविवार चुकला नाही. तासभर बोलता. सगळं जर्मनमध्ये. मनोहर म्हणतो, मामा-भाचीचं छान जमलंय. त्याला मी सगळं सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा गाडी पकडायला निघून गेला.

तिचं ते पान कोशात राहिलं म्हणे. इशिता घरी येते. मला “हाय, काकू” म्हणते आणि थेट वर जाते. सावनी घरात वावरते, दोन्ही वेळा जेवते, विचारलं तर “फाइन” म्हणते. काळे कपडे आहेतच. वही आता टेबलावर उघडी टाकून जाते, कुलूप नाही, काही नाही. हे मला क्षमा म्हणून आहे की शिक्षा म्हणून, ते समजत नाही. मी तिच्यावर वर्तमानपत्र पसरते आणि मगच ताटं मांडते.

तुमचा फोन चालू असतो तेव्हा मी पोहे करत असते. मिक्सर मुद्दाम लावते, कानावर पडू नये म्हणून. पण गेल्या रविवारी मिक्सर थांबला आणि नेमकं सावनीच्या तोंडून ‘मुटर’ ऐकू आलं. हाही शब्द मला येतो, मुटर म्हणजे आई. तू घोकायचास ना. मग तू काहीतरी सांगत असणार, ती ऐकत होती. आणि मग दोघं हसलात. तिचं हसणं मी ऐकलं, तुझं फोनमधून आलं. मी हातातली कोथिंबीर तशीच धरून उभी राहिले. ज्या दोघांच्या वस्तू मी नेऊन दिल्या ती दोघं माझ्याबद्दल बोलत होती, मला न कळणाऱ्या भाषेत. मला अशी भीती बर्फात, पोलिसासमोर, सुनावणीतही वाटली नव्हती.

मी विचारणार नाही. कुणाकडून काढून घेणार नाही, दारालाही कान लावणार नाही. तुम्ही मला काय हवं ते नाव द्या, तो तुमचा हक्क आहे.

एकच मागते. फोन ठेवायच्या आधी कधीतरी, मला बोलावू नकोस, पण तिला एकदा मराठीत विचार, निलू काय करतेय. मी स्वयंपाकघरातच असते. मिक्सर बंद ठेवेन.

निलू